पायापुरती ऊब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळी उलटली, की घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेले स्वेटर उन्हात पडतात, शाली झटकल्या जातात, कानटोप्यांची जुळवाजुळव होते. आमच्या नाशिककडे तर निफाडचा पारा किती उतरला, हा सकाळच्या चहाबरोबरचा ठरलेला विषय. पण या सगळ्या तयारीत शरीराचा एक भाग हमखास विसरला जातो, तो म्हणजे पाय. डोक्याला टोपी, अंगात स्वेटर, खांद्यावर शाल, आणि पाय मात्र उघडे, थंडगार फरशीवर! घरातले वडीलधारे पहाटे उठतात, देवपूजेला बसतात, ओट्याशी उभे राहतात. त्यांना विचारा, थंडी कुठून चढते? ते सांगतील, पायांतून.

त्यांचे म्हणणे खरे आहे. गंमत अशी, की खोलीतली फरशी आणि खोलीतली चटई यांचे तापमान जवळजवळ सारखेच असते. तरी फरशीवर पाय ठेवला की चटका बसल्यासारखे वाटते आणि चटईवर ठेवला की बरे वाटते. कारण दगड आपल्या पायातली उष्णता भराभर ओढून घेतो आणि चटई ती सावकाश घेते. पूर्वीच्या घरांत शेणाने सारवलेली जमीन होती, बसायला घोंगडी होती. मग शहाबादी फरशी आली, मोझेक आले आणि आता गुळगुळीत, चकचकीत टाइल्स. घर दिसायला देखणे झाले, पायाखाली मात्र थंड झाले आणि निसरडेही.

या थंडीवर घरच्या घरी करता येईल असा एक उपाय मी आज सांगणार आहे. तो म्हणजे क्रोशाने विणलेल्या लोकरीच्या सपाता, आणि त्याही आपल्याच पायाच्या मापाच्या.

‘सपाता’ हा शब्द हल्ली फारसा ऐकू येत नाही. पोर्तुगीज भाषेत बुटाला ‘सपातो’ म्हणतात, तिथून तो आपल्याकडे आला आणि घरात घालायच्या मऊ पादत्राणांसाठी रुळला. आता आपण सरसकट ‘स्लीपर’ म्हणतो. पण स्लीपर म्हटले की डोळ्यांसमोर रबराची येते. म्हणून मी सपाताच म्हणणार आहे.

आपल्याकडे लोकरीची पादत्राणे नवी नाहीत. बाळंतविड्यात काय काय असते आठवा. झबली, टोपडी, दुपटे आणि त्याबरोबर लोकरीचे इवलेसे बूट. पुढे त्या बाळाच्या पायांसाठी कुणी काही विणल्याचे ऐकिवात नाही. शाळेत गेले की दुकानातले बूट, मोठे झाले की दुकानातली चप्पल. सत्तरी गाठली, पाय पुन्हा नाजूक झाले, गार पडू लागले, सुजू लागले, तरी दुकानातलीच चप्पल. ज्या वयात पायांना मापाची आणि मऊ वस्तू पुन्हा लागते, त्या वयात ती विणून देण्याची पद्धत आपल्याकडे पडलीच नाही.

आता कुणी म्हणेल, दुकानात सगळ्या नंबरांच्या सपाता मिळतात, मग विणत कशाला बसायचे? तर त्या नंबरांविषयी थोडे बोलू.

आपण ‘सहा नंबर’, ‘आठ नंबर’ म्हणतो ती मोजणी मूळची इंग्रजांची. तिचे एकक आहे जवाचा दाणा. जुन्या इंग्लंडमध्ये तीन जवांचा एक इंच धरत. बुटाचा एक नंबर वाढला म्हणजे लांबी एका जवाने, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या भागाने, सुमारे साडेआठ मिलीमीटरने वाढली. युरोपातल्या ३८, ४० अशा नंबरांत एका नंबराचे अंतर सेंटीमीटरचे दोन तृतीयांश असते. दोन्हींत मोजली जाते ती मुख्यतः लांबी. पाय रुंद आहे का, वरून उंच आहे का, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आले आहे का, हे त्या नंबराला कळत नाही.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक माणसांच्या पायांची मापे घेतली. त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्यापैकी अनेकांच्या पायांना आधीच ठाऊक होता: भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत. रुंदीला अपुरा म्हणून आपण नंबर वाढवून घेतो, मग तो लांबीला जास्त होतो आणि चालताना टाच निसटते. भारतीय पायांसाठी ‘भ’ या नावाने स्वतंत्र मापपद्धती असावी, असा प्रस्ताव त्या पाहणीवरून पुढे आला.

पण कुठलीही मापपद्धती झाली तरी ती पुष्कळांच्या पायांची सरासरीच असणार. शिवाय ती एक गोष्ट गृहीत धरते: माणसाचे दोन्ही पाय सारखे आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीचे तसे नव्हते. ताईला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. ती पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. लस घरोघरी पोचायला अजून कितीतरी वर्षे होती. पुढे पल्स पोलिओ आले, जानेवारी २०११ नंतर देशात या विषाणूचा नैसर्गिक लागणीचा एकही रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी टीव्हीवरची बातमी ताईने पूर्ण ऐकली आणि म्हणाली, “बरं झालं. आता दोन चपलांचे दोन जोड कुणाला घ्यावे लागणार नाहीत.”

तिच्या बोलण्याचा अर्थ आम्हा घरच्यांनाच कळला. तिचा उजवा पाय साडेतेवीस सेंटीमीटर आणि डावा साडेवीस. तीन सेंटीमीटरचा फरक, म्हणजे जवळजवळ साडेतीन नंबरांचा. जन्मभर तिने प्रत्येक वेळी दोन जोड विकत घेतले, एक मोठा आणि एक लहान. त्यातली एकेक चप्पल पायात आणि उरलेल्या दोन कपाटाखाली. त्या कुणाला देताही येत नसत. एका दुकानात तिने विचारले होते, की वेगवेगळ्या नंबरांच्या दोन मिळतील का? “बाई, जोडी फोडता येत नाही,” असे उत्तर आले. त्यानंतर तिने कुठेच विचारले नाही. पैशांची ओढ असे तेव्हा एकच जोड घेऊन डाव्या चपलेत कापूस कोंबायचा. ती चप्पल फरशीवर फटफट वाजे आणि वळताना पायातून सुटे.

पोलिओने स्नायू रोडावलेला पाय बहुधा दुसऱ्यापेक्षा गार असतो. थंडीत ताईचा डावा पाय जांभळट पडायचा. रात्री दोन मोजे चढवावे लागत, आणि मोजे घालून टाइल्सवर चालणे म्हणजे तिच्यासारखीला पडण्याची भीती. म्हणून तिला सपाता विणून द्यायच्या, असे मी ठरवले. उजवी तीस टाक्यांची आणि डावी चोवीस टाक्यांची. लोकर एकच, रंग एकच, कडेची वेलबुट्टी एकच. नव्या सपाता तिच्यापुढे ठेवल्या तेव्हा तिने आधी त्या हातात घेऊन तळव्याला तळवा लावून पाहिल्या. मग घातल्या. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, “अगं, या दोन्ही माझ्याच आहेत!”

त्यानंतर ओळखीतल्या अनेकांसाठी मी सपाता विणल्या आणि बऱ्याच जणींना शिकवल्याही. त्याच अनुभवावर पुढचे सांगते.

आधी, क्रोशेच का? दोन सुयांवरचे विणकाम, म्हणजे आपला स्वेटर, त्यात सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. एक निसटला की खालपर्यंत ओळ उसवत जाते. क्रोशात तसे नाही. फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे लहानसा आकडा. त्या एका आकड्याने प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो आणि उघडा राहतो तो एकच फास. त्यामुळे विणता विणता सुई काढा, तो फास थोडा लांब ओढून ठेवा, अर्धी सपाता पायात घालून पाहा, सैल वाटली तर दोन ओळी उसवा, पुन्हा विणा. मापाला विणायचे तर याहून सोयीचे तंत्र नाही. शिवाय क्रोशाची वीण घट्ट आणि जाड होते, तळव्याला तेच हवे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. स्वेटर यंत्रावर विणता येतो, पण खरे क्रोशे विणणारे यंत्र बाजारात नाही. बाजारातली क्रोशाची वस्तू कितीही स्वस्त असो, ती कुणाच्या तरी हातांनीच विणलेली असते.

आपल्याकडे क्रोशे बहुतेक करून रुखवतात दिसते. रुमाल, तोरणे, टीव्हीवरचे आच्छादन! हात तयार आहेत, फक्त वस्तू बदलायची आहे.

आता माप. हे काम संध्याकाळी करावे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि सकाळचे माप रात्री आवळते. जमिनीवर कोरा कागद ठेवा आणि त्यावर उभे राहा. बसून नाही, उभे राहून, कारण अंगाचा भार पडला की पाय पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्याने पायाभोवती रेघ ओढावी. दोन्ही पायांची, वेगवेगळ्या कागदांवर. मग चार मापे घ्या. पहिले, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी. कित्येकांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब असते, तेव्हा तेच धरायचे. दुसरे, बोटांच्या मुळाशी, पाय सर्वांत रुंद असतो तिथला घेर. तिसरे, पायाच्या वरच्या उंचवट्यावरचा घेर. आणि चौथे, बोटांच्या टोकापासून सपातेचे तोंड जिथे उघडायचे तिथपर्यंतचे अंतर. घेर घ्यायला शिंप्याची टेप नसेल तर सुतळी गुंडाळावी आणि ती पट्टीवर मोजावी. कुठे हाड वर आले असेल, कुरूप असेल, जुनी जखम असेल, तर कागदावर तिथे फुली मारून ठेवा.

या मापात एक हिशेब आहे. लोकरीची वीण ताणते. म्हणून सपाता पायापेक्षा लांबीला सुमारे एक सेंटीमीटर आणि घेराला एक ते दीड सेंटीमीटर कमीच विणायची. ती पायाला धरून राहते. मात्र पाय सुजत असतील तर घेरातून काही वजा करू नये.

दुसरी गोष्ट लोकरीची. दुकानात आपण ‘लोकर’ म्हणून जे मागतो ते पुष्कळदा अॅक्रिलिक असते, म्हणजे कारखान्यात बनवलेला धागा. लेबलावर लिहिलेले असते, वाचून घ्यावे. लेबल नसेल तर धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. अॅक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपे, रंगांना तोटा नाही. पण पायाला घाम येतो, आणि तो पोटात घेण्याचा गुण लोकरीचा. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ऊब टिकते ती त्या हवेमुळेच. म्हणून शक्य असेल तर निदान निम्मी तरी खरी लोकर असलेला धागा घ्यावा. त्वचेला लोकर टोचत असेल तर आतून सुती मोजा घालावा.

आपल्या धनगरांच्या घोंगडीची लोकर मात्र याला थेट वापरू नये. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, नाजूक त्वचेला ती खुपते. पण घरात जुनी, विरलेली घोंगडी असेल तर टाकू नका. तिचा तळव्याच्या आकाराचा तुकडा कापून, कडा शिवून, सपातेत आतल्या तळाला बसवा आणि वर मोजा घाला. इतका ऊबदार तळ विकत मिळत नाही.

आता प्रत्यक्ष वीण. चार पदरी लोकरीचे दोन धागे एकत्र आणि पाच मिलीमीटरची क्रोशाची सुई. एका जोडीला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम लोकर लागते. सगळी वीण मुक्या खांबांची, कारण मुका खांब बुटका आणि घट्ट असतो, भोके राहत नाहीत.

पहिले काम, नमुन्याचा तुकडा. बोटभर लांबीचा नव्हे, चांगला बारा-तेरा सेंटीमीटरचा चौकोन विणा आणि मधल्या दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. माझ्या हाताने दहा सेंटीमीटरमध्ये चौदा टाके आणि सोळा ओळी बसतात. समजा पायाचा घेर तेवीस सेंटीमीटर आहे. त्यातून दीड वजा केले, राहिले साडेएकवीस. दर सेंटीमीटरला १.४ टाके, म्हणजे साडेएकवीस गुणिले १.४, सुमारे तीस टाके. लांबी साडेतेवीस, त्यातून एक वजा, साडेबावीस. दर सेंटीमीटरला १.६ ओळी, म्हणजे छत्तीस ओळी. एवढेच गणित. तुमच्या पायाचे आणि तुमच्या हाताचे आकडे यात घाला, की तुमची सपाता तयार.

सुरुवात बोटांकडून. सात साखळ्या घाला. सुईजवळची एक सोडून पुढच्या सहांत सहा मुके खांब, आणि मग साखळी उलटी न फिरवता तिच्या दुसऱ्या बाजूने आणखी सहा. झाले बारा टाक्यांचे लंबगोल वेटोळे. पुष्कळ ठिकाणी गोल वेटोळ्याने सुरुवात करायला सांगतात, पण मग सपातेचे टोक निमुळते होते आणि आपल्या रुंद पंजाची बोटे एकमेकांवर चढतात. लंबगोलात ती पसरून बसतात. पुढच्या प्रत्येक फेरीत दोन्ही टोकांना दोन-दोन, असे चार टाके वाढवायचे: सोळा, वीस, चोवीस, अठ्ठावीस. शेवटच्या फेरीत दोनच वाढवून तीस. फेरीच्या सुरुवातीला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, म्हणजे मोजणी चुकत नाही.

मग न वाढवता, न घटवता सरळ फेऱ्या विणत जायचे, सपातेच्या तोंडाची जागा येईपर्यंत. साधारण पायाच्या निम्म्या लांबीपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात एकूण अठरा फेऱ्या. मधे दोनदा तरी पायात घालून पाहा. तोंडाची जागा आली, की वरच्या बाजूचे मधले आठ टाके सोडून द्या आणि उरलेल्या बावीस टाक्यांवर मागेपुढे ओळी विणा, टाचेपर्यंत. आणखी अठरा ओळी.

टाचेची शिवण नीट लक्ष देऊन करावी. बावीस टाके सरळ दुमडून जोडले तर टाचेखाली टोक निघते आणि ते चालताना बोचते. म्हणून दोन्ही कडांचे आठ-आठ टाके एकमेकांना जोडा. मधले सहा उरतील. ते वर वळवून त्या शिवणीच्या खालच्या टोकाला आडवे शिवून टाका. टाच गोल बसते. शिवणीचा उंचवटा बाहेरच्या बाजूला ठेवा, आत नको. शेवटी तोंडाभोवती मुक्या खांबांच्या दोन-तीन फेऱ्या, पुढच्या दोन कोपऱ्यांवर आणि टाचेशी एकेक टाका घटवत. हवा असेल तर त्यातून गोंडे लावलेला साखळीचा दोर ओवा. सुजणाऱ्या पायांसाठी हा दोर फार उपयोगी, सकाळी आवळा, संध्याकाळी सैल करा.

आपण लहानपणापासून ऐकतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. इथे उलट आहे, पाय पाहून अंथरूण विणायचे. कागदावर फुली मारलेली जागा आठवते? अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आले असेल तर विणताना नेमक्या त्या जागी दोन टाके वाढवायचे, दोन-तीन फेऱ्या तसेच न्यायचे आणि मग घटवायचे. तिथे एक लहानशी खोबण तयार होते आणि ते हाड तिच्यात विसावते. एखादे बोट नसेल, पाय वाकडा असेल, एक पाय दुसऱ्याहून लहान असेल, हिशेब तोच. दुकानदाराला जे जमत नाही ते तुमच्या आकड्याला जमते.

आता दोन गोष्टी गंभीरपणे सांगते, त्या कृपया लक्षात ठेवाव्यात.

पहिली, घसरण्याची. लोकरीचा तळ गुळगुळीत टाइल्सवर सरकतो. म्हाताऱ्या माणसाला घरातल्या घरात पडून खुब्याचे हाड मोडले, की सगळे घरच बदलून जाते. म्हणून तळाला न घसरणारे काही लावल्याशिवाय ही सपाता कुणाच्याही पायात देऊ नका. चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून पातळ, खरखरीत रबराचा तळ शिवून घेता येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे टाचेखाली आणि पंजाखाली शिवले तरी चालते. ते शिवताना गाठी आत येऊ देऊ नका. आणि या सपाता घालून न्हाणीघरात किंवा ओल्या जागी जायचे नाही. सैल झालेली सपाताही तितकीच धोक्याची. पायातून निसटायला लागली, की दुरुस्त करा किंवा काढून टाका.

दुसरी, मधुमेहाची. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने काहींच्या तळपायाची संवेदना कमी होते. टाचणी टोचली तरी कळत नाही, जखम होते आणि चिघळते. अशा व्यक्तीने घरातही अनवाणी चालू नये, असे डॉक्टर सांगतात. लोकरीची मऊ सपाता त्यांना ऊब देईल, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या पादत्राणांची जागा ती घेऊ शकत नाही. आधी त्यांना विचारावे. आणि सपाता घालण्यापूर्वी रोज हात आत घालून चाचपावे, गाठ आहे का, खडा आहे का, टाचणी राहिली आहे का. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी लावणे अशा माणसांना घातक ठरू शकते, कारण भाजलेलेही कळत नाही. त्यापेक्षा पायाचीच ऊब धरून ठेवणारी लोकर बरी.

धुण्याविषयी थोडक्यात. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि चोळणे मिळाले, की ते एकमेकांत अडकतात आणि सपाता आटते. म्हणून थंड पाणी, सौम्य साबण, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढणे आणि सावलीत आडवी वाळवणे. उन्हाळ्यात ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवून, कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्याबरोबर ठेवा. आणि तो मापाचा कागद फाडू नका. त्यावर नाव, तारीख आणि टाक्यांचा आकडा लिहून तो सपातांबरोबरच ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा माप घेतलेत, की पाय किती बदलला तेही कळते. एखाद्या पायाला नवी सूज आली असेल तर ती या कागदावर आधी दिसते.

शिकणाऱ्यांना वाटते, हे फार वेळखाऊ काम आहे. हात बसलेल्या बाईला एक सपाता दोन-तीन संध्याकाळींत होते, नवशिक्या माणसाला आठवडा लागेल. ‘माणसाला’ मुद्दाम म्हटले. माझ्याकडे शिकायला आलेल्यांत दोन निवृत्त पुरुष होते. त्यांतल्या एकांनी पहिली जोडी विणली ती पत्नीसाठी, जिच्या पायाचा नंबर त्यांना चाळीस वर्षांत ठाऊक नव्हता.

श्रोतेहो, आपल्याकडे सणावाराला मोठ्यांच्या पाया पडायची चांगली रीत आहे. आपण वाकतो, हात लावतो, आशीर्वाद घेतो आणि उठतो. पण ते पाय कसे आहेत, गार आहेत का, सुजले आहेत का, भेगाळले आहेत का, हे पाहायला आपण थांबत नाही. थंडी सुरू झाली आहे. आज संध्याकाळी एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या कागदावर उभे करा आणि त्यांच्या पायांभोवती सावकाश रेघ ओढा. विणता येत नसेल तर विणणारे कुणीतरी शेजारीपाजारी सापडेल. तो कागद त्यांच्याकडे न्या.